आजोबांच्या काळ्या कोटावर चांदी कुठून आली?

गिरगावची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून मागच्या महिन्यात मावशीकडचं सामान काढत होतो, माळ्यावरच्या ट्रंकेत जुने फोटो निघाले. एका फोटोत आजोबा काळा कोट घालून खुर्चीत बसलेत आणि कोटावर निळसर चकाकी, फोटो जरा तिरका धरला की कोटाच्या जागी आरसाच दिसतो. मावशी म्हणाली बुरशी आलीय आणि मी काही बोलायच्या आत तिने ओल्या कापसाने पुसायला घेतलं. कोटाचं बटण आणि आजोबांच्या हाताची दोन बोटं गेली, कायमची. ती घाण नव्हतीच हो, ती फोटोतलीच चांदी होती! हा गैरसमज घरोघरी आहे म्हणून लिहायला बसलो.

जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात अडकलेली चांदी. सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांवर उजेड पडतो, मग डेव्हलपर नावाचं रसायन त्या कणांची शुद्ध चांदी करतं. चांदी तर चकचकीत, मग फोटोत काळी का दिसते? कारण इथे ती सपाट नसते, भांडी घासायच्या तारेच्या घासणीसारखा अतिसूक्ष्म तारांचा गुंता असतो, उजेड आत शिरतो आणि तिथेच जिरतो. गंमत अशी की याच गुंत्यामुळे ती नाजूकही होते, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड वाढतो.

आता मुंबईची हवा. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, ओझोन, दिवाळीआधी भिंतीला लावलेल्या ताज्या ऑइल पेंटमधून निघणारे पेरॉक्साइड, हे सगळे चांदीच्या अणूचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतात. इलेक्ट्रॉन गेला की तो आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू झाला, आणि आयन पाण्यात हिंडू शकतो. जिलेटिन म्हणजे जेलीच की, ओल मिळाली की फुगतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे आयनांना वाट मोकळीच. ते सरकत सरकत पृष्ठभागाशी येतात, तिथे इलेक्ट्रॉन परत मिळाला की पुन्हा धातू होतात, पण आता गुंता नसतो, बारीक कणांचा सपाट पापुद्रा असतो, म्हणून आरसा. आजोबांचं धोतर मात्र तसंच होतं, कारण पांढऱ्या भागात चांदी जवळपास नसतेच! कोट, केस, टोपी आणि फोटोच्या कडा, जिथे चांदी जास्त किंवा हवा आधी पोचते, तिथेच चकाकी येते.

फोटो पिवळट तपकिरी पडतो तो बऱ्याचदा गंधकामुळे. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काळं पडतं ना, तेच सिल्व्हर सल्फाइड. हा गंधक कधी हवेतून येतो, कधी फोटोतूनच. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ मध्येच दाखवलं होतं की हायपोत (सोडियम थायोसल्फेट, यात गंधक असतो) चांदीचे क्षार विरघळतात, म्हणून उरलेलं ब्रोमाइड हायपोने काढतात, पण नंतर प्रिंट वाहत्या पाण्यात नीट धुतला नाही तर मागे राहिलेला हायपो विघटन होऊन चांदीला खात बसतो.

जाता जाता एक. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी तेव्हा इथे फोटो काढत होते. त्याच मुंबईत पुढे कित्येक वर्षांनी माझ्या पणजीने फोटो काढू दिला नाही, आयुष्य कमी होतं म्हणे. कॅमेऱ्यात फक्त आपल्या अंगावरून परतलेला उजेड जातो, त्याने आयुष्याला काय होणार? पण पणजी कशी दिसायची हे आज सांगायला कोणी नाही. आणि एआयने धूसर चेहरा शार्प करून घेऊ नका, ते डोळे पणजोबांचे नसतात, अंदाजाचे असतात.

तर पुसू नका, लॅमिनेशन करू नका, काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांचे अल्बम आणि पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनची घ्या. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा, ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे जपलेला फोटो नव्हे, तो दाबून लहान केलेला असतो.

फोटोमागे नावं लिहायला बॉलपेन नको, दाबाचे ठसे पुढे उमटतात. कागदी पाठ असेल तर मऊ पेन्सिलने कडेला हलक्या हाताने लिहा, प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा, तेही फोटो आत घालण्याआधी. आणि नुसतं ‘आई’ लिहू नका, कोणाची आई? आपल्याकडे लग्नात बायकांचं नावसुद्धा बदलायचे, ट्रंकेतल्या एका फोटोमागे ‘कमळ’ आणि दुसऱ्यामागे ‘सौ. सुमती’ होतं, आम्हाला त्या दोन वेगळ्या बायका वाटत होत्या, नंतर कळलं दोन्ही आजीच. म्हणून माहेरचं, सासरचं आणि हाक मारायचं नाव, गाव, साल, तुमच्याशी नातं, सगळं लिहा.

आजोबांच्या खुर्चीशेजारी फ्रॉकमधली एक मुलगी उभी आहे, तिचं नाव मावशीलाही आठवत नाही. डोंबिवलीची आत्या ८८ वर्षांची आहे, रविवारी फोटो घेऊन तिच्याकडे जातोय.