दहावी आली की मैदान सुटतं

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास जातो, म्हणून रेशीमबागच्या मैदानावर पोरं झुंजूमुंजू असतानाच येतात. ऊन चढायच्या आत दोन डाव, मग तर्री-पोहे, मग घर. जूनमध्ये त्यातला एखादा दिसेनासा होतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "यंदा दहावी आहे न त्याची."

दरवर्षी हे ऐकून मला वाईट वाटतं. ज्या वर्षी डोक्यावर सगळ्यात जास्त ताण, त्याच वर्षी तो उतरवायची जागा आपण काढून घेतो.

खेळून आल्यावर मन हलकं होतं, याचं श्रेय बरीच वर्षं एंडॉर्फिनला, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक रसायनाला मिळालं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूच्या संरक्षक पडद्यातून सहज आत शिरत नाही. दुसरा एक रेणू लहान आणि स्निग्ध असल्यामुळे शिरतो, आणि धाप लागेपर्यंत धावलं की रक्तात वाढतोही. 1992 मध्ये तो ओळखणाऱ्या संशोधकांनी त्याच्या नावासाठी संस्कृतातला 'आनंद' घेतला: आनंदामाइड! 2015 मध्ये जर्मनीत उंदरांना चाकावर धावू दिलं, तेव्हा त्यांचा भित्रेपणा कमी झाला. आनंदामाइड पेशींवरच्या ज्या जागांना चिकटून काम करतं त्या औषधाने अडवल्यावर हा फायदा गेला. एंडॉर्फिनची वाट अडवली, तरी तो टिकला.

मग एकट्याने धावलं तर पुरे नाही का? ऑक्सफर्डच्या 12 वल्हेकऱ्यांनी यंत्रावर कधी एकेकट्याने, कधी संघाने वल्ही मारली. मेहनत सारखीच, पण संघाने मारल्यावर त्यांची वेदना सोसायची ताकद जास्त वाढली. इथे मात्र संशोधकांना मेंदूतल्या एंडॉर्फिनचाच हात दिसतो. कबड्डीत साखळी धरून चढाईवाल्याला अडवलेल्या कुणालाही विचारा, गुडघा फुटल्याचं डाव संपल्यावर कळतं.

2018 मध्ये 12 लाख अमेरिकनांच्या माहितीचा अभ्यास झाला. व्यायाम करणाऱ्यांचे मन ठीक नसल्याचे दिवस सुमारे 43 टक्क्यांनी कमी होते. सांघिक खेळ पहिले, सायकल अगदी थोडी मागे. ही पाहणी आहे. मुळात प्रसन्न असणारेच जास्त खेळत असतील, हेही शक्य आहे. आणि रोज तीन तासांच्या वर घाम गाळणाऱ्यांची स्थिती उलट वाईट होती. सर्वांत चांगली स्थिती पाऊण तास, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, एवढं करणाऱ्यांची.

मूल खूप दिवस गप्प असेल, झोप उडाली असेल, तर नुसतं खेळायला पाठवून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांकही आहे.

आमच्या मैदानावर यंदा दहावीचा एक पोरगा टिकला आहे. शिकवणी सातला असते. तो सहाला येतो आणि पावणेसातला सायकलवर टांग टाकतो. दप्तर आधीच कॅरिअरला बांधलेलं असतं.