कांडी बदलतानाचा धागा: न थांबणाऱ्या चित्रीकरणाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचे, शूटिंग ज्यांनी कॅसेटवर केले आहे, त्यांना ती धाकधूक माहीत आहे. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, संमती कट्ट्याजवळ आलेले असतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे दाटीने उभी असतात आणि नजर सारखी व्ह्यूफाइंडरमधल्या उरलेल्या मिनिटांच्या आकड्यावर जाते. संमती वाचन संपते, हजारो हातांनी अक्षता उडतात. ते पुन्हा करा म्हणून कुणाला सांगता येत नाही. माझी कॅसेट एका वर्षी नेमकी तेव्हाच संपली. नवी आत टाकेपर्यंत तांदूळ जमिनीवर पडले होते.

सोलापुरात हे समजावणे सोपे आहे. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपली की माग थांबवायचा, भरलेली कांडी घालायची आणि पुन्हा सुरू करायचा. घरोघरी बायकांनी कांड्या भरून ठेवलेल्या असत, तरी तेवढा खंड पडायचाच. चालत्या मागावर आपोआप कांडी बदलणारा नॉर्थ्रॉप माग अमेरिकेत 1890 च्या दशकात आला. चित्रीकरणाला त्या टप्प्यावर यायला बराच उशीर लागला.

1971 साली आलेल्या यू-मॅटिक या व्हिडिओ कॅसेट पद्धतीत कॅमेरा एकीकडे आणि रेकॉर्डर दुसरीकडे, मध्ये केबल. बाहेर न्यायच्या रेकॉर्डरची कॅसेट 20 मिनिटांची. 1982 साली बीटाकॅमने दोन्ही एका खांद्यावर आणले, पण कॅमेऱ्यातली छोटी कॅसेट साधारण अर्ध्या तासाचीच होती. लग्नांच्या शूटिंगला व्हीएचएस आल्यावर 3 तासांची कॅसेट मिळाली, मात्र चित्राचा दर्जा गेला. 1995 नंतर मिनी डीव्हीने दर्जा परत आणला आणि वेळ पुन्हा एका तासावर आली. वेळ हवा तर दर्जा सोडा, दर्जा हवा तर वेळ सोडा, असेच चालले होते.

स्टुडिओत यावर एक जुना तोडगा होता. पहिल्या डेकची, म्हणजे रेकॉर्डरची, टेप संपायच्या काही मिनिटे आधी दुसरा डेक सुरू करायचा आणि एडिटिंगला दोन्ही जुळवायचे. खांद्यावर एकच कॅमेरा असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याला कॅसेट बाहेर काढायची, नवी घालायची आणि टेप फिरत्या ड्रमभोवती गुंडाळली जाईपर्यंत थांबायचे. दहा-पंधरा सेकंद, पण कोणते दहा-पंधरा, हे आपल्या हातात नसायचे.

2003 साली सोनीने एक्सडीकॅम ही टेपऐवजी चकतीवर चित्रीकरण करणारी पद्धत आणली. प्लास्टिकच्या बंद डबीत 12 सेंटीमीटरची चकती, तिच्यावर 405 नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर आणि जागा 23.3 गिगाबाइट. ब्लू-रेशी तिचे जवळचे नाते आहे, पण ती ब्लू-रे नव्हे. घरच्या ब्लू-रे प्लेअरवर ती चालत नाही. डीव्हीकॅम या टेपच्या दर्जात 85 मिनिटे बसत. हाय डेफिनिशनसाठी पुढे दोन थरांची 50 गिगाबाइटची चकती आली, तिच्यावर सेकंदाला 50 मेगाबिटच्या दर्जात सुमारे 95 मिनिटे मावत. टेपला हेड घासत जाते, इथे लेसर चकतीला शिवतही नाही. आपल्या उन्हाळ्यातल्या धुळीत हेड चोंदून चित्रात चौकोन उठलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मला मात्र चकतीपेक्षा तिच्या आधीची मेमरी महत्त्वाची वाटते. चालत्या माणसाच्या खांद्यावर फिरणारी चकती म्हणजे धक्के आलेच, आणि धक्क्याने लेसरचा नेम चुकतो. म्हणून चित्र थेट चकतीवर जात नाही, आधी मेमरीत जाते. लेसरचा लिहिण्याचा वेग चित्र येण्याच्या वेगापेक्षा जास्त ठेवलेला असतो. नेम चुकला की मेमरी भरत जाते, नेम परत लागला की लेसर भराभर लिहून ती रिकामी करतो. पाहणाऱ्याला मध्ये काही घडल्याचे कळतही नाही.

एकदा मेमरी अशी मध्ये आली की पुढची वाट आपोआप दिसते. धक्क्याचा खंड जिरवता येतो, तर चकती बदलण्याचा का नाही? सोनीच्या पीडीडब्ल्यू-700 सारख्या चकतीच्या कॅमेऱ्यांत ती सोय आली: चकती बाहेर काढली तरी चित्र मेमरीत साठत राहते आणि नवी चकती आत गेली की तिच्यावर उतरते. हात चपळ हवा, मेमरी अपार नाही. पण नॉर्थ्रॉप मागाने सुताचे जे केले, तेच इथे चित्राचे झाले. बटण दाबण्याच्या आधीचे काही सेकंदही याच मेमरीमुळे हाती लागू लागले.

आणखी दोन गोष्टी रोजच्या कामात जाणवल्या. नवी क्लिप नेहमी रिकाम्या जागेवरच जाते, त्यामुळे टेप मागे नेऊन पाहिली आणि चुकून त्यावरच पुढचे शूट केले, हा घात बंद झाला. आणि मध्येच वीज किंवा बॅटरी गेली तर अर्धवट राहिलेली क्लिप नंतर सावरून घेता येते. लोडशेडिंगच्या वर्षांत डेकवर काम केलेल्यांना ही केवढी मोठी गोष्ट वाटली असेल!

चकतीचे राज्य फार टिकले नाही. 2004 मध्ये पॅनासॉनिकचे पी2 मेमरी कार्ड आले, 2007 मध्ये सोनीनेच एसएक्सएस कार्डाचा कॅमेरा काढला. दोन खाचांत दोन कार्डे, एक भरले की चित्र दुसऱ्यावर, आणि भरलेले कार्ड रेकॉर्डिंग चालू असतानाच काढून घ्यायचे. फिरणारे काही उरलेच नाही. खंड मात्र वेगळ्या वाटेने परत आला. फाइली मांडण्याच्या फॅट32 पद्धतीच्या कार्डावर एक फाइल 4 गिगाबाइटच्या पुढे जात नाही, म्हणून लांब चित्रीकरणाचे तुकडे पडतात. मुळात फोटोंसाठीचे असलेले पुष्कळ डीएसएलआर कॅमेरे तर 29 मिनिटे 59 सेकंदांनी थांबत, कारण अर्धा तास ओलांडला की युरोपात ते व्हिडिओ कॅमेरा ठरत आणि जकात लागे. तुकडे नीट जोडले तर एकही फ्रेम जात नाही. थांबलेला कॅमेरा मात्र थांबलेलाच.

माझी ती कॅसेट अजून कपाटात आहे. तिचा शेवटचा फ्रेम वर उचललेल्या हातांचा आहे, मुठी अजून मिटलेल्या.