सामाईक विहीर आणि आठ टीबीच्या सहा डिस्क

लातूरला माझ्या मामेभावाचा लग्नाचे व्हिडिओ करायचा स्टुडिओ आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने दोन कॅमेरे चार-चार तास चालले, की एका लग्नाचे ३६० जीबी होतात. दोन वर्षं हे सगळं सुट्या हार्ड डिस्कवर साठत गेलं. कोणती भरली, कोणती अर्धी रिकामी, निलंग्याचं लग्न नेमकं कुठं आहे, हे त्यालाच ठाऊक. मागच्या दिवाळीत आम्ही नेटवर्कला जोडायची सहा खणांची पेटी घेतली, आठ-आठ टीबीच्या, म्हणजे आठ-आठ हजार जीबीच्या, सहा डिस्क बसवल्या आणि पडद्यावर पहिलाच प्रश्न आला: स्टोरेज पूल कसा करायचा?

भावकीत प्रत्येकाची विहीर वेगळी असली, की एकाची एप्रिलातच तळ गाठते आणि दुसऱ्याच्या विहिरीत पाणी पडून राहतं. सामाईक विहिरीत पाणी एकच, हिस्से सातबाऱ्यावर. पूल म्हणजे अशी सामाईक विहीर. सगळ्या डिस्कचा मिळून एक साठा, आणि त्यातून ‘चालू कामं’, ‘जुनी लग्नं’, ‘हिशेब’ असे हिस्से, म्हणजे व्हॉल्यूम. हे हिस्से कागदावर प्रत्यक्ष साठ्यापेक्षा जास्तही लिहून देता येतात; त्याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. सगळे एकदम मोटर लावत नाहीत तोवर ते चालतं. साठा किती उरला यावर रोज नजर ठेवणारं कुणी नसेल, तर मी त्या वाटेला जाऊ देणार नाही.

पण सामाईक विहीर ढासळली तर सगळ्यांचंच पाणी जातं. म्हणून डिस्क आधी गटात बांधतात. ही कल्पना ‘रेड’ या नावाने १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. तिचं गणित बांधावर बसून समजेल असं आहे. तिघा भावांना १२, ७ आणि ९ पोती तूर झाली. बेरीज २८ चौथ्या वहीत लिहिली. एकाची वही हरवली, तरी २८ मधून उरलेल्या दोघांची पोती वजा केली की त्याचा आकडा परत मिळतो. रेड-५ हेच करतं, फक्त बेरीज शून्य-एकच्या भाषेतली असते आणि ती आळीपाळीने सगळ्या डिस्कवर लिहिली जाते.

दोन वह्या हरवल्या तर? मग दुसरी, वेगळ्या जातीची बेरीज लागते: पहिल्याला एकाने, दुसऱ्याला दोनाने, तिसऱ्याला तिनाने गुणून, म्हणजे ५३. आता दोन समीकरणं, दोन अज्ञात. दहावीतली एकसामयिक समीकरणं. रेड-६ चा गाभा हाच.

सहा डिस्कचे ४८ टीबी. रेड-५ मध्ये त्यातले ४० वापरायला मिळतात, रेड-६ मध्ये ३२, आणि जोड्या लावून प्रत्येकाची नक्कल ठेवणाऱ्या रेड-१० मध्ये २४. मामेभावाचा जीव अर्थातच ४० वर होता. मी रेड-६ वर अडून बसलो. एक डिस्क गेली की नवी भरून काढायला उरलेल्या पाचही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबीने आठ टीबी म्हणजे किमान पंधरा तास, आणि स्टुडिओचं काम चालू असलं तर त्याहून बरेच जास्त. एकाच दिवशी आणलेल्या, सारखंच वय झालेल्या डिस्कवर नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त ताण येतो. त्या तासांत रेड-५ जवळ दुसरी बेरीज नसते.

गटाचा प्रकार नंतर बदलणं सोपं नसतं, म्हणून विचार आधीच करायचा. एका गटात चार टीबीची एक आणि आठच्या बाकीच्या घातल्या, तर साध्या रेडमध्ये सगळ्याच चारच्या धरल्या जातात. पुढे दुसरी पेटी जोडून त्याच पूलमध्ये नवा गट घालता येतो. पण मजकूर दोन्ही गटांवर पसरतो आणि एक गट पूर्ण गेला तर अख्खा पूल जातो. जागाही काठोकाठ भरू नये, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा.

आणि लाईट. मजकूर लिहून झाला, बेरीज लिहायची राहिली आणि तेवढ्यात लाईट गेली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. पेटीला वेळेत बंद व्हायला सांगणारा यूपीएस त्यासाठी लागतो.

एवढं करूनही पूल म्हणजे बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाइल पूलमधून पुसलीच जाते. शिवाय १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यात सगळं एकाच इमारतीत ठेवायला माझं मन धजत नाही. म्हणून दर महिन्याला एक प्रत उदगीरला बहिणीच्या घरी जाते.

या मे महिन्यात तिसऱ्या खणाचा दिवा लाल झाला. कपाटात ठेवलेली जादा डिस्क आम्ही बसवली आणि पेटीसमोर पंखा लावला. दोन लग्नांचं एडिटिंग न थांबता चालू होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, २६ तासांनी, दिवा हिरवा झाला. त्याच आठवड्यात मामेभावाने नवी आठ टीबीची डिस्क आणली आणि पाकिटावर तारीख टाकून त्याच कपाटात ठेवली.