प्रूफची लिंक आली, आता पुढे काय?

(लेबल, खोकी, कॅटलॉग आणि जाहिरातींचं काम आमच्याकडे देणाऱ्या ग्राहकांसाठी)

डिझाइन तयार झालं की आम्ही त्याचा फोटो व्हॉट्सॅपवर टाकत नाही, प्रूफची, म्हणजे छपाईआधी तपासायच्या नमुन्याची, लिंक पाठवतो. काहींना हा नसता उद्योग वाटतो. पण व्हॉट्सॅपवर फोटो दाबला जाऊन बारीक अक्षरं पुसट होतात. शिवाय 'लाल जरा गडद करा' हा तुमचा निरोप चार दिवसांनी शुभ सकाळच्या फुलांमध्ये शोधावा लागतो. मग तुम्ही म्हणता सांगितलं होतं, आम्ही म्हणतो मिळालं नाही.

आमच्या लिंकसाठी वेगळं ॲप घ्यावं लागत नाही. नाव टाका, प्रूफ उघडेल. जिथे बदल हवा तिथे बोट टेकवा. तिथे आकडा उमटेल आणि शेजारी लिहायला चौकट येईल. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल. माणसांची आणि गावांची नावं मात्र देवनागरीतच लिहा. रोमन अक्षरांवरून काळे की काले, हे आम्हाला कळत नाही.

'मजा नाही आली' एवढंच लिहिलंत तर आम्ही अंदाजाने बाण मारत बसतो. 'मसाल्याचं नाव मिरच्यांच्या चित्रात हरवतंय, दुकानातल्या फळीवर लांबून दिसणार नाही' असं लिहा. अडचण तुम्ही सांगा, तोडगा आम्ही काढतो.

लिंक भागीदारांना, घरच्यांना जरूर दाखवा. पण शेवटचा शब्द एकाचाच हवा. काकांना हिरवा आणि पुतण्याला निळा हवा असेल, तर आम्ही मध्ये पडत नाही. ऑर्डर ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन करतो आणि तोवर काम थांबवतो.

मजकूर वाचा, नुसता पाहू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चित्रावर दहा कमेंट येतात आणि परवाना क्रमांक कुणीच वाचत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव. खाद्यपदार्थाचं लेबल असेल तर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक परवान्याचा कागद शेजारी ठेवून एकेक आकड्यावर बोट ठेवून जुळवा. निव्वळ वजन, किंमत, पत्ता, तक्रारीसाठीचा फोन नंबर आणि शाकाहाराची हिरवी खूणही तपासा. हा मजकूर तुम्ही देता तसा आम्ही लावतो. तो बरोबर आहे की नाही, हे तुम्हालाच माहीत.

तुमचा मजकूर जुन्या मराठी फॉन्टमधला असेल, तर युनिकोडमध्ये आणताना रफार जागा सोडतो. 'दर्जा'चा 'दजार्' होतो. आम्ही तपासतोच, तरी तुमचीही नजर फिरू द्या.

रंग लिंकवर पास करू नका

स्क्रीनवरचा रंग प्रकाशाचा, कागदावरचा चार शाईंचा. मोबाइलवर झळाळणारा भगवा किंवा पोपटी छपाईत थोडा मंद होतोच. त्यात फोन रात्रीच्या मोडवर असेल तर पांढरंही पिवळट दिसतं. रंग महत्त्वाचा असेल तर कागदी नमुना मागा. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण पाच हजार खोकी छापण्याआधी ते वसूल होतात. आणि हो, कडेची लाल रेघ छापली जाणार नाही. तिच्याबाहेरचा 3 मिमी भाग कटिंगमध्ये जातो, म्हणून तिथे अक्षरं ठेवायला सांगू नका.

दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत आहेत, पुढच्या फेरीला वेगळे पैसे पडतात. जुनी प्रूफं लिंकवर तशीच राहतात. 'पहिलंच बरं होतं' असं वाटलं तर मागे जाता येतं.

'मंजूर' दाबल्यावर

तारीख-वेळ नोंदली जाते आणि फाइल प्लेटला जाते. चार रंगांच्या चार प्लेट, म्हणजे ज्यांवरून छपाई होते ते पत्रे, निघतात. त्यानंतर एखादा अनुस्वार बदलायचा ठरला, तर अक्षर निव्वळ काळं असल्यास एक प्लेट नव्याने काढावी लागते, रंगीत असल्यास चारही लागू शकतात. तो खर्च तुमच्या बिलात येईल. मंजूर प्रूफपेक्षा वेगळं काही छापलं गेलं, तर खर्च आमचा. फोनवरचं 'ओके' किंवा अंगठ्याचं चित्र आम्ही मंजुरी धरत नाही. तुमचं उत्तर आलं नाही तर आठवण करू, पण तुमच्या वतीने बटण दाबणार नाही. दिवाळीच्या हंगामात अशी थांबलेली ऑर्डर मशीनच्या रांगेत मागे जाते.

लिंक जमत नसेल तर सरळ दुकानात या. कागदी प्रूफ काढून देऊ. लाल पेनाने खुणा करा, खाली सही आणि तारीख घाला. तो कागद स्कॅन करून त्याच लिंकवर चढवण्याचं काम आमचं.