लातुरात टॉवर उभा राहिला म्हणून रेडिओ लातूरचा होत नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत लातूर, उदगीर आणि धाराशिव आहेत. तेव्हापासून आपल्याकडे रेडिओचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आता आपल्याकडंही कम्युनिटी रेडिओ येणार." त्या यादीतून कम्युनिटी रेडिओ, म्हणजे स्थानिक सेवाभावी किंवा शिक्षणसंस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेला छोटा रेडिओ, येणार नाही. येईल तो खासगी एफएम. या दोन्हींचे नियम वेगळे, अर्ज वेगळे आणि मालकही वेगळे. हा घोळ मी इतक्या वेळा ऐकलाय की आता लिहूनच टाकतो, कारण त्यात नुकसान आपलंच आहे. ज्या संस्थांना आज अर्ज करता येईल, त्या लिलावाची वाट बघत बसल्यात. त्या लिलावात त्यांना जागाच नाही.

खासगी एफएम तुम्हाला ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडकरांच्या ते रोजच्या कानावर आहे: गाणी, आरजेच्या गप्पा, सराफांच्या आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती. कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी ई-लिलावात बोली लावते, १५ वर्षांची परवानगी घेते आणि नव्या शहरांत ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के शुल्क सरकारला भरते. या ७३० वाहिन्यांची मिळून राखीव किंमत ७८४.८७ कोटी रुपये आहे, म्हणजे सरासरीने एका वाहिनीला कोटभर. यावर जास्त बोलायची गरज नाही.

बारीकसारीक फरक पटकन उरकतो. कम्युनिटी रेडिओला लिलाव नसतो. प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॅट, अँटेना जमिनीपासून १५ ते ३० मीटर. आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो, त्यामुळे लातूर शहरातलं केंद्र शेजारच्या औशात नीट लागेल याची खात्री देता येत नाही. तासाला १२ मिनिटं जाहिराती चालतात. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये.

आणि बातम्या? त्या दोघांनाही स्वतःच्या देता येत नाहीत. "रेडिओ आला की तालुक्याच्या बातम्या ऐकायला मिळतील" असं सांगणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षेचे निकाल, पाणी-वीज पुरवठ्याच्या सूचना, आपत्तीचा इशारा या गोष्टी नियमांत बातमी धरलेल्या नाहीत, त्या दोघांनाही मोकळ्या आहेत. खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०२३ मध्ये केली होती. ती मान्य व्हायला हवी, आणि ती सवलत कम्युनिटी रेडिओलाही मिळायला हवी.

खरी गफलत होते ती मालकीत. लोकांना वाटतं, खासगी एफएमलाही मालकीचे कडक नियम आहेत, म्हणजे स्थानिक माणसाला संरक्षण आहेच. नियम आहेत, हे खरं. एका शहरातल्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त वाहिन्या एका कंपनीला घेता येत नाहीत आणि शहरात किमान तीन वेगळे चालक असावे लागतात. परदेशी गुंतवणूक ४९ टक्क्यांपर्यंतच. पण हे सगळे नियम एकाने किती घ्यावं याचे आहेत. कुणी घ्यावं, याबद्दल ते जवळजवळ काहीच बोलत नाहीत. समजा एका शहरात तीन वाहिन्या आहेत. नियमाने तिथं तीन वेगळ्या कंपन्या येतील आणि कागदोपत्री विविधता पुरी होईल. त्या तिन्ही कंपन्यांची मुख्यालयं मुंबई, दिल्ली, नोएडात असली तरी एकही नियम मोडत नाही. तीन मालक वेगळे आहेत एवढंच सिद्ध होतं. त्यातला एकही तिथला असण्याची गरज नाही.

त्यातही देशभरातल्या एकूण वाहिन्यांपैकी १५ टक्क्यांपेक्षा जास्त एकाकडे नकोत अशी जी मर्यादा होती, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये काढून टाकली. कंपनीला आपल्या वेगवेगळ्या शहरांतल्या वाहिन्यांवर एकच कार्यक्रम जोडून लावायची मुभा खासगी एफएमच्या विस्ताराच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणापासून आहेच. दोन्ही गोष्टी एकत्र बघा: ट्रान्समीटर उदगीरला, जाहिरातीचा माणूस उदगीरचा, आणि दुपारचा कार्यक्रम भलत्याच शहरातल्या स्टुडिओतून. कंपनी विकली गेली की केंद्रही तिच्यासोबत जातं. २०२४ मध्ये अनेक शहरांत केंद्रं असलेलं बिग एफएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून दुसऱ्या कंपनीकडे सोपवायला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजुरी दिली. एवढी केंद्रं या हातातून त्या हाती गेली, त्यात एकाही गावातल्या श्रोत्याला कुणी काही विचारलं नाही. विचारायची गरज कायद्यात नाहीच.

कम्युनिटी रेडिओचे नियम उलट्या टोकापासून सुरू होतात. आधी ठरतं ते, कुणाला मिळणार. व्यक्तीला नाही. नफा कमावणाऱ्या संस्थेला नाही. राजकीय पक्षाला नाही, पक्षाच्या विद्यार्थी, महिला, कामगार संघटनांनाही नाही. मिळतं ते शिक्षणसंस्था, कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र आणि नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना. स्वयंसेवी संस्थेला किमान तीन वर्षांची नोंदणी आणि त्याच भागातलं काम दाखवावं लागतं. परवानगी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. "चालू केंद्र केवढ्याला मिळेल?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एकच: ते विक्रीला नसतंच.

आता इथं दुसरी गफलत होते, आणि ती कम्युनिटी रेडिओच्या चळवळीतली माणसंही करतात. परवानगी गावाच्या नावावर नसते. ती ट्रस्टच्या, महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या नावावर असते. मग लोकांचा हक्क कुठं येतो? तो दोन ठिकाणी. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक सहभागातून, शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत करावे लागतात. आणि केंद्राला सल्लागार व आशय समिती असावी लागते, २०२४ च्या सुधारित नियमांनुसार तिच्यात निम्म्या महिला. सगळी मदार या समितीवर आहे. ती बसत नसेल, तर ते केंद्र संस्थेचा भोंगा होतं: अध्यक्षांचा वाढदिवस, संस्थेचे प्रवेश, संस्थेचा वर्धापनदिन. मराठवाड्यात शिक्षणसंस्था आणि राजकारण एकाच वाड्यात नांदतात, हे नव्याने सांगायला नको. पक्षाला मनाई आहे, पण पुढाऱ्याच्या संस्थेचा अर्ज त्या मनाईत सरळ बसत नाही. म्हणून समिती कोणती, बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठं आहे, हे विचारणारे लोक गावात हवेत.

२०२४ च्या नियमांनी एका संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून सहा केंद्रांपर्यंत परवानगी दिली. मला हे पटलेलं नाही. सहा जिल्ह्यांत केंद्रं असलेल्या संस्थेचा कारभार मुख्य कार्यालयातून चालणार, आणि आपण ज्या रोगाला नावं ठेवतो तोच इथं शिरणार. एका संस्थेला एक केंद्र, हेच बरं.

चांगलं केंद्र कसं असतं हे बघायला फार लांब जायला नको. बिदरच्या पलीकडे, तेलंगणातल्या जहीराबादजवळच्या माचनूरमध्ये २००८ पासून संघम रेडिओ आहे, तो दलित शेतकरी बायकांनी उभा केला. आपल्याच राज्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. उद्या उदगीरच्या आसपासच्या एखाद्या बचत गटातली ताई ऑक्टोबरात फोनवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करते असं धरा. सोयाबीन ओलं नेलं तर आर्द्रता १२ टक्क्यांच्या वर दाखवून दर कसा पाडतात, ताडपत्रीवर दोन दिवस ऊन दिलं तर किती फरक पडतो, आडतीवर मॉइश्चर मीटर आपल्यासमोर लावायला कसं सांगायचं. तिच्या बोलण्यात "व्हय की", "कसंनुसं" येणार, आणि ते तसंच जायला हवं. खासगी वाहिनीला हे लावायला कुणी बंदी केलेली नाही. पण त्या दहा मिनिटांचा जाहिरातदार नसतो, म्हणून ते तिथं लागत नाही.

खासगी एफएम येऊ नये असं माझं म्हणणं नाही. लातूरच्या दुकानदाराला जाहिरातीची जागा मिळेल, चार पोरापोरींना आवाजाचं काम मिळेल. आकाशवाणीची परभणी, बीड, नांदेडची केंद्रं आहेतच, तीही टिकली पाहिजेत. पण हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालात लिहून ठेवलंय. त्या मालमत्तेतला जो तुकडा लिलावाशिवाय मिळतो, तो आपण मागतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं हे ज्यांना आठवतं, २०२५ च्या सप्टेंबरात ज्यांच्या शिवारात पाणी घुसलं, त्यांना दहा किलोमीटरचा रेडिओ कशाला हवा हे समजावून सांगावं लागणार नाही. अर्ज केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर करता येतो. अर्जाआधी संस्थेच्या बैठकीत समितीची नावं ठरवा, त्यात संस्थेच्या पगारावर नसलेल्या बायका निम्म्या घ्या, आणि तो ठराव गावात वाचून दाखवा.