रेअर कॅन्डीने पोकेमॉन कच्चा राहतो?

रेअर कॅन्डी म्हणजे पोकेमॉनची एक लेव्हल लगेच वाढवणारी गेममधली वस्तू. ‘रेअर कॅन्डी देऊन वाढवलेला पोकेमॉन कायमचा कच्चा राहतो’ हे 1996च्या ‘पोकेमॉन रेड-ग्रीन’ या गेम्सपासून ऐकू येतं. चूक आहे! कॅन्डी काहीही हिरावून घेत नाही. फक्त लढाईतून मिळणारी छुपी कमाई ती देत नाही, इतकंच.

त्या गेम्समध्ये लढाईत समोरच्या पिजी नावाच्या पोकेमॉनला हरवलं की त्याचे मूळ आकडे, म्हणजे अटॅक 45, स्पीड 56 वगैरे, तुमच्या पोकेमॉनच्या खात्यात गुपचूप जमा होतात. मर्यादा प्रत्येकी 65535. खातं भरलं की 100व्या लेव्हलला प्रत्येक गुणात 63ची भर पडते.

ही कमाई नंतरही करता येते, अगदी 100वी लेव्हल गाठल्यावरसुद्धा. मात्र तेव्हा पोकेमॉन गेममधल्या पीसीच्या (पोकेमॉन साठवायच्या कॉम्प्युटरच्या) बॉक्समध्ये ठेवून परत काढायचा. बाहेर काढताना गेम आकडे नव्याने मोजतो.