सॅमनला सोयाबीन का बाधतं?

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना हल्ली प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपकारक जीवाणूंच्या, पुड्या विकल्या जातात. पुडी टाका, माशाचं पोट सुधारेल, वजन झपाट्याने वाढेल! या जाहिरातबाजीवर माझा विश्वास नाही. पुडीतले जीवाणू देणं थांबलं की ते बहुधा काही दिवसांत आतड्यातून वाहून जातात. तिथे कोण मुक्काम ठोकणार, हे बरंचसं रोजच्या खाद्यावर ठरतं.

नॉर्वेतल्या सॅमनचं उदाहरण घ्या. हा मासा मांसाहारी. १९९० मध्ये तिथल्या सॅमनच्या खाद्यातला सुमारे ९० टक्के भाग समुद्रातून यायचा, म्हणजे मासळीची भुकटी आणि मासळीचं तेल. २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांच्या आसपास आला. उरलेली जागा वनस्पतींनी घेतली, त्यात सोयाबीन आघाडीवर.

पण साधी सोयाबीन पेंड घातली की सॅमनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. निरोगी आतड्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर अस्तराच्या उंच, सडपातळ घड्या दिसतात, आणि त्यांच्या पेशींत पारदर्शक पोकळ्या खच्चून भरलेल्या असतात. सूज आलेल्या आतड्यात त्याच घड्या आखूड आणि जाड होतात, पोकळ्या नाहीशा होतात, अस्तराखाली पांढऱ्या पेशींची गर्दी जमते. अन्न नीट शोषलं जात नाही, वाढ खुंटते.

मुख्य दोषी सॅपोनिन. रिठ्याला फेस येतो तो याच कुळातल्या पदार्थांमुळे. सॅपोनिनच्या रेणूचं एक अंग पाण्यात रमतं, दुसरं तेलात. त्यामुळे तो पेशीपटलातल्या कोलेस्टेरॉलला चिकटतो आणि पटल झिरपू लागतं. आतड्यातला ऐवज आत घुसतो, प्रतिकारशक्ती खवळते. सोयाबीनमधली ट्रिप्सिनला (प्रथिनं पचवणाऱ्या पाचकरसाला) अडवणारी प्रथिनं उष्णतेने निकामी होतात. सॅपोनिन मात्र भाजून-शिजवूनही टिकतं.

जीवाणूंचा संबंध इथेच येतो. सोयाबीनमधल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा सॅमनला पचवता येत नाहीत. त्या तशाच मागच्या आतड्यात पोचतात आणि आंबवणाऱ्या जीवाणूंना आयती मेजवानी मिळते. सोयापेंडीवर वाढलेल्या सॅमनमध्ये लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू वाढलेले आढळतात. पेंड अल्कोहोलने धुतली की सॅपोनिन आणि या शर्करा दोन्ही निघून जातात, म्हणून नॉर्वेत सोयाबीन वापरतात ते प्रामुख्याने अशा धुतलेल्या प्रथिनाच्या रूपात. आणि सूज आली तरी, पेंड बंद केल्यावर साधारण तीन आठवड्यांत आतडं पूर्ववत होतं.

आपल्या उजनीत मिळणाऱ्या चिलापीचं (तिलापियाचं) पोट निराळं. ती वनस्पतीही सहज पचवते. तिच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू बी-१२ जीवनसत्त्व तयार करतो, त्यामुळे ते खाद्यात वेगळं घालावं लागत नाही. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, या माशाचंही तसंच.

आता कीटकांची पाळी आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये माशांच्या खाद्यात कीटकांची प्रथिनं वापरायला परवानगी दिली. त्यात ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांना मोठी मागणी आहे. अळीच्या कवचातलं कायटिन पचायला जड, पण काही जीवाणू त्याच्यावरच पोसले जातात. अळ्यांची भुकटी खाणाऱ्या ट्राउट माशाच्या आतड्यात जीवाणूंचं वैविध्य वाढलेलं दिसलं आहे.